धुरपतामावशीची चौकडी

मला फक्त एक माठ पाहिजे होता. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात आता या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत. कुणी म्हणतं अंबिकाला पुढच्या खेपेला सरपंच व्हायचंय, कुणी म्हणतं तिला पेपरात फोटो पाहिजे होता, आणि शेजारचे तात्याराव सगळ्यांना सांगत फिरतात की मूळ कल्पना त्यांची. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे.

आमचं घर गावाच्या अगदी कडेला. बोरीकडून येणारा डांबरी रस्ता आमच्या पायरीशी दम टाकतो, आणि आमच्या न्हाणीच्या मागून शेतांकडे जाणारी पाणंद सुरू होते. पावसाळ्यात या पाणंदीतली काळी माती चप्पल ठेवून घेते आणि माणसाला तेवढं परत पाठवते. तर या उन्हाळ्यात ही पाणंद रोजगार हमीतून पक्की करायची असं ठरलं, आणि एका सकाळी माझ्या न्हाणीमागं कुदळी-फावड्यांचा आवाज सुरू झाला. पुरुष थोडे, बायाच जास्त.

काम साधं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चौकोनी खड्डे आखून द्यायचे, त्याला चौकडी म्हणतात, आणि खोदलेली माती मधे टाकून रस्ता उंच करायचा. जेवढी चौकडी खोदली तेवढी मजुरी. पण आमच्या बायांची टोळी चौकड्या वाटून घेत नसे. सगळ्याजणी मिळून सगळ्या चौकड्या खोदत आणि मोजायला दत्ता आला की ही हिची, ती तिची असं सांगून मोकळ्या होत. दत्ता म्हणजे आमचा रोजगार सेवक. त्यालाही ते माहीत होतं. हजेरी लागत होती, रस्ता उंच होत होता, मग कोण कशाला विचारतंय?

या टोळीत धुरपतामावशी होती. बहात्तरच्या दुष्काळात नवी नवरी म्हणून दुष्काळी कामावर गेलेली बाई, आता तिचं वय तुम्हीच धरा. कमरेत वाकलेली, पण आवाज असा की पाणंदीच्या त्या टोकाला बकरी चमकावी. तिच्या नावाची चौकडी रोज पडायची आणि ती रोज दुसऱ्याच कुणीतरी खोदायचं. मावशी बाभळीखाली बसायची. तिच्याभोवती टोळीतल्या बायांची लेकरं. एकाला झोळीत टाक, दुसऱ्याचं नाक पूस, तिसऱ्याच्या तोंडातला खडा काढ. मधूनच कळशी घेऊन उठायची आणि खोदणाऱ्या बायांना पाणी पाजून यायची.

ते पाणी माझ्या रांजणातलं असायचं. इथून माझं दुखणं सुरू होतं.

“वैनी, कळशीभर पाणी देता का?” मावशी दारात उभी राहायची. आता पाण्याला नाही कसं म्हणणार? आमच्याकडे नळ येतो तो रुसलेल्या जावयासारखा, कधी येईल ते सांगत नाही आणि आला तरी फार वेळ थांबत नाही. दुपार व्हायच्या आत रांजणाचा तळ दिसायचा आणि संध्याकाळी भात टाकायला पाणी नसायचं. आमचे उद्धवराव शाळेत लेखनिक आहेत, त्यामुळे त्यांचं प्रत्येक मत मसुद्यासारखं असतं. ते म्हणाले, “तहानलेल्याला नाही म्हणू नये. आणि रांजण भरायला मला म्हणू नये.”

म्हणून मी दत्ताला गाठलं. “अरे दत्ता, कामावर एक माठ ठेवा की.”

“वैनी, माठाची तरतूद हाय,” तो म्हणाला. “माठ न्हाई.”

“मग?”

“वर कळवतो.” असं म्हणून त्यानं वर बघितलं. मीही बघितलं. वर एक घार फिरत होती.

ग्रामसेवकांकडे गेले, तर त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा कारभार असल्यामुळे ते नेहमी त्या दुसऱ्या दोन गावांत असतात. त्या दोन गावांचीही हीच तक्रार आहे असं कळलं. मग सरपंच सरजाबाईकडे गेले. सरजाबाई पापड लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “आगं अंबिका, तुज्या घरचं पाणी गोड हाय म्हणून येतेत बाया. दुसऱ्याच्या दारात जातेत का? न्हाई. तुजंच भाग्य.” मी चार पापड आणि भाग्य घेऊन घरी आले.

तात्याराव अशाच वेळी येतात. ते जिंतूरला तहसील कचेरीत शिपाई होते, पण निवृत्त झाल्यापासून त्यांच्या बोलण्यात त्यांची बढती होत होत आता नायब तहसीलदारापर्यंत आली आहे. ओट्यावर बसून, चहाची बशी फुंकत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनीबाई, लोकपालाकडं टाका.”

“माठासाठी दिल्लीला जाऊ?”

“तो मोठा लोकपाल. ह्यो आपला जिल्ह्याचा. रोजगार हमीवर नजर ठेवायला जिल्ह्याला एक माणूस दिलेला असतो. पंचायतीचा बी न्हाई, साहेब लोकांचा बी न्हाई. अलग.”

“आपल्यालाही दिलाय?”

“दिलाय की. कुणी विचारीत न्हाई म्हणून त्यो बी काही बोलत न्हाई.”

मी लगेच वही काढली. तात्यारावांनी हात आडवा केला. “थांबा. तुमी आठवडी बाजारात वांगे कसे घेता? त्यानं चाळीस म्हणलं की तुमी वीस म्हणता. मंग तीसला तुटतं. सरकारचं तसंच हाय. एक माठ मागितला तर अर्धा माठ मिळंल. अर्ध्या माठाचं काय करता? चार वस्तू मागा, एक पदरात पडंल.”

मला ते पटलं. आता वाटतं, ते मला पटायला नको होतं. पण आमच्या भागात लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. बांगड्यावाल्याशी, रिक्षावाल्याशी, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांशी सुद्धा आधी चढून बोलायचं, मग उतरायचं. खऱ्या भावानं सुरुवात करणाऱ्या माणसाला आमच्याकडे भोळा म्हणतात.

माझी शाळा सातवीनंतर सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. किराणा ज्या कागदात बांधून यायचा ते कागद वाचत मी मोठी झाले. त्यामुळे माझं बरंचसं ज्ञान मधूनच सुरू होतं आणि ऐन रंगात तेलाच्या डागाखाली जातं. पण रोजगार हमीची माहितीपुस्तिका मी तात्यारावांकडून आणून पहिल्या पानापासून वाचली. कामावर पिण्याचं पाणी असलं पाहिजे, सावली असली पाहिजे, औषधाची पेटी असली पाहिजे. आणि कामावर लहान लेकरं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमली पाहिजे, तिला खोदणाऱ्या बाईएवढीच मजुरी. ही चौथी मागणी मी निव्वळ भरीला घातली, भाजीवालीकडून वर चार मिरच्या टाकून घ्याव्यात तशी. माझ्या खिडकीतून बाभळ दिसते. लिहिताना मी मान वर केली असती तर झोळीला झोका देणारी मावशीही दिसली असती. मी अक्षर चांगलं यावं म्हणून मान खाली घालून लिहीत होते.

परभणीला मी एकटी गेले. बोरीपर्यंत टमटमने, पुढे एसटीनं. ऊन असं की गाडीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. लोकपाल कुठे बसतात हे कुणालाच माहीत नव्हतं. एका शिपायानं मला निवडणुकीच्या खोलीत पाठवलं, तिथून निराधारांच्या खिडकीवर. खिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं, “विधवा का परित्यक्ता?” त्या घटकेला उद्धवराव घरी लोणच्याची बरणी शोधत असतील. त्यांना काय कल्पना!

शेवटी एका इमारतीच्या मागच्या अंगाला, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाआड एक खोली सापडली. आत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ टेबलावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसत होते. मला बघून ते उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत कुठल्या कचेरीत माझ्यासाठी कुणी उठून उभं राहिलेलं नव्हतं, म्हणून मी मागं वळून बघितलं की कोण आलंय.

“तक्रार आहे?” त्यांनी विचारलं. आवाजात अशी आशा होती की तक्रार नसती तर मी तिथल्या तिथं एखादी तयार केली असती.

लोकपालसाहेब पूर्वी कॉलेजात शिकवायचे. माझा अर्ज त्यांनी आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला, मग टेबलावर सरळ ठेवून वरून हात फिरवला. “फार छान. चारही मुद्दे कायद्याला धरून आहेत.”

मी मनाशी म्हटलं, आता उतरायची वेळ झाली. “साहेब, तसा माठ मिळाला तरी चालेल.”

“नाही, बाई. चारही.”

“दोन तरी...”

“चारही तुमचे हक्क आहेत. हक्कात घासाघीस करायची नसते.”

जन्मात पहिल्यांदा मी भाव उतरवत होते आणि देणारा चढवत होता. मग त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं. “मी कुणाला काढून टाकू शकत नाही, आत घालू शकत नाही. मला दोनच गोष्टी येतात. जाऊन बघणं, आणि बघितलं ते लिहिणं. माझं लिहिलेलं वरच्यांना ऐकावं लागतं. म्हणून जे बघितलं त्याच्याबाहेर एक शब्द लिहायचा नाही, असा मी नेम केलाय.” तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा. त्यांनी ते काटेकोर गुप्त ठेवलं. मी एसटीतून उतरायच्या आत तात्यारावांनी गावभर सांगून टाकलं होतं.

मला वाटलं, आता सरजाबाई भांडायला येणार. तिनं उलट निरोप पाठवला, “लोकपालसाहेब चौकशीला यायलेत म्हणं. त्यांच्या जेवणाला तुज्या हातचं वांग्याचं भरीत पायजे. माझ्या सुनेला जमत न्हाई.” म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्यातर्फे जेवण, आणि रांधणार तक्रारदार. मी वांगी भाजायला घेतली. नाही म्हणणार कसं, एवढं कौतुकानं सांगितलेलं?

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी पाणंदीत गेले आणि मला वाटलं, मी चुकून कुणाच्या तरी लग्नात आले. खोदकामावर झालरीचा मांडव घातलेला. थंड पाण्याचे जार ओळीनं मांडलेले. शाळेतली औषधाची पेटी एका खुर्चीवर हळदी-कुंकू लावून ठेवलेली. बाभळीपलीकडे सतरंजी, सतरंजीवर फुगे, आणि फुग्यांमध्ये सरजाबाईची सून रोहिणी जरीची साडी नेसून घामाघूम बसलेली. ती म्हणे लेकरं सांभाळणारी बाई. खोदणाऱ्या बाया मांडवाच्या कडेला संकोचून उभ्या होत्या. मांडवात मातीचे पाय घेऊन जावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

साहेब छत्री घेऊन एकाच्या मोटारसायकलवरून आले. हार नको म्हणाले, नारळ नको म्हणाले, जेवणाचं काढल्यावर तर दोन्ही हात जोडले. “ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडचं घेत नाही, आणि ज्यांच्याबद्दल केली त्यांच्याकडचंही नाही.” तात्याराव लगेच पुढे झाले. “मी कुणाकडूनच न्हाई साहेब. माझ्याकडं चला.” पण साहेबांनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. माझं भरीत शेवटी उद्धवरावांनी दोन दिवस खाल्लं.

“हा मांडव रोज असतो?” साहेबांनी विचारलं.

“रोज, साहेब,” दत्ता म्हणाला.

तेवढ्यात मांडववाल्याचा माणूस शिडी घेऊन आला. “ओ दत्ताभाऊ, सोडू का? सांच्याला मानवतला लगीन हाय.”

साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या मिशीत हसू आल्यासारखं मला वाटलं. मलाही आलं. खरं सांगते, त्या घटकेपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

मग ते सतरंजीकडे वळले. लेकरांना रोहिणीकडे नेऊन बसवलेलं होतं. लेकरांनी एकदा जरीकडे बघितलं, एकदा छत्रीवाल्या साहेबांकडे, आणि एकाचं बघून दुसऱ्यानं गळा काढला. एक फुगा फुटला. झालं, सगळी फौज उठून बाभळीखाली पळाली आणि धुरपतामावशीच्या अंगावर चढली. टोळीतल्या सविताची पिंकी तर मावशीच्या पदरात शिरून गप्पच झाली.

“या कोण?” साहेब म्हणाले.

“मजूर हाय साहेब. धुरपताबाई,” दत्ता म्हणाला.

“या काय काम करतात?”

मग सविता पुढे आली. टोळीत सगळ्यात धीट तीच. “खोदती साहेब.”

लगेच सगळ्या सुरू झाल्या. “व्हय साहेब, लय खोदती.” “आमच्यात मोठी चौकडी तिचीच असती.” “तिच्यासारखी खोदणारी न्हाई मिळायची.”

साहेबांनी मावशीकडे बघितलं. तिच्या काखेत एक लेकरू, पाठीवर एक, पदरात एक. मला राहवेना. मला कायदा माहीत होता ना! पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलेली होती. एवढ्या बायांत मी एकटी जाणती, आणि मावशीच्या पदरात आयतं दान टाकायला निघालेली.

“साहेब, असं नाही!” मी मोठ्यानं म्हटलं. “मावशी खोदत नाहीत. एक दिवस कुदळ हातात घेतलेली मी बघितली नाही. त्या लेकरं सांभाळतात, पाणी पाजतात. त्यांची चौकडी या बाया खोदतात.”

बायांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरले नाही. सविता म्हणाली, “वैनी, आमी तुमचं काय खाल्लं ओ? पाणीच पिलो ना?”

“अगं सविता, मी त्यांच्या भल्याचंच सांगायले...”

“ऱ्हाऊ द्या. तुमचं भलं लय लांब पोचतंय.”

साहेबांनी हात वर केला. चष्मा काढला, पुसला, आणि धुरपतामावशीजवळ जाऊन खाली बसले, मातीत. “बाई, हे खरं असेल तर घाबरायचं काही कारण नाही. लेकरं सांभाळणं हेसुद्धा कामच आहे. त्याला खोदणाऱ्याएवढीच मजुरी आहे. तुम्ही फक्त मला सांगा, मी लेकरं सांभाळते. मी तसं लिहितो. तुमचं काम पक्कं होईल.”

मला वाटलं, जिंकलो आपण. आता म्हणेल. म्हण ना गं मावशी!

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. “लेकरं सांभाळायचे पैशे?”

“हो.”

“साहेब, तुमाला तुमच्या मायनं सांभाळलं तवा घेतले होते का तिनं?”

साहेबांनी उघडलेलं पेन मिटलं.

“ही लेकरं काय परक्याची हायत? हिची माय मी बाळंत केली. ह्याचा बाप माझ्या मांडीवर मोठा झाला. ह्यांचे पैशे घेऊ व्हय म्या? लोक काय म्हणतेल?” तिनं पिंकीला पदरातून काढून खाली ठेवलं. “बहात्तरला लगीन होऊन आले ती थेट कामावर. तळ्याची भिंत खोदली, रस्ते खोदले, खडी फोडली. माझं नाव खोदणाऱ्यात लावलेलं हाय. खोदणाऱ्यातच ऱ्हाईल. आण गं कुदळ.”

“मावशी, बसा,” सविता म्हणाली.

“आण म्हणते ना.”

कुदळ कुणी आणली नाही. तिनंच जाऊन घेतली. चौकडीत उतरली, पदर खोचला, तळहातावर थुंकली आणि पहिला घाव घातला. मी काही खोदण्यातली जाणकार नाही, पण तो घाव बघून पुरुष माणसंही हातातलं काम टाकून बघायला लागली. कंबर वाकडी होती, पण कुदळ सरळ गेली. दुसरा घाव गेला. तिसरा. माझ्या मनात आलं, माझंच चुकलं असेल, ही रोज खोदतही असेल.

मग कुदळ मातीत रुतली. उन्हाळ्याची काळी माती वरून भेगाळलेली असते, खाली दगड. मावशीनं ओढली. निघेना. पुन्हा ओढली. मग ती दांडा धरून तशीच उभी राहिली, खोकत. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणाला पुढे व्हायचं धाडस होत नव्हतं. पुढे व्हावं तर तिचा अपमान, न व्हावं तर काय. शेवटी पिंकी रडत खड्ड्याच्या काठावर गेली, आणि ते निमित्त धरून सविता आत उतरली. “लेकरू रडायलंय मावशी, तुमी तिला बघा,” असं म्हणून तिनं कुदळ आपल्या हातात घेतली.

साहेब बराच वेळ लिहीत उभे होते. लिहून झाल्यावर त्यांनी मावशीला नमस्कार केला. तिनं वळून बघितलं नाही.

निकाल आला तो माझ्या बाजूनं. चारही मागण्या मान्य! एवढा पूर्ण विजय माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेला नाही. हिरव्या जाळीचं छत आलं, पाण्याची टाकी आली, औषधाची पेटी आली. तिच्यावर कुंकू नव्हतं, आत औषधं होती. यापुढे प्रत्येक मजुराची चौकडी वेगळी आखावी आणि वेगळी मोजावी, असंही साहेबांनी लिहिलं होतं. आणि धुरपताबाईंबद्दल लिहिलं होतं की वयाचा विचार करून त्यांना लेकरं सांभाळण्याचं काम सगळ्यात आधी द्यावं, पूर्ण मजुरीनं. वाईट एक शब्द नव्हता. मी दोनदा वाचून पाहिलं, कुठे काही चुकीचं सापडतंय का. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मावशी कामावर आली नाही. दत्ता बोलवायला गेला, सरजाबाई स्वतः गेली. मावशीचं एकच, “मला खोदणाऱ्यात धरा. लगेच येते.” दत्ता म्हणाला, “मावशी, आता हरेकाची चौकडी अलग मोजायची हाय. तुमची कोण खोदणार?” त्यानं ते दुखवायला म्हटलं नव्हतं. पण म्हटलं.

मग ती जागा रोहिणीला मिळाली. ती जाळीखाली सतरंजीवर बसते आणि मोबाईल बघते. बघेल नाही तर काय करेल? बाया लेकरं तिच्याकडे ठेवतच नाहीत. कामावर जाताना मावशीच्या अंगणात सोडून जातात. सरकार एका बाईला लेकरांशिवाय मजुरी देतं आणि दुसरी बाई मजुरीशिवाय लेकरं सांभाळते. हे मी फोनवर लोकपालसाहेबांना सांगितलं. वाटलं होतं, कायद्याचा एखादा कोपरा ते दाखवतील. ते म्हणाले, “बाई, मी जे बघितलं तेच लिहिलं. त्या टोळीची चालत आलेली रीत मी मोडली, तेही मी बघितलं. पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळलं नाही.” मग त्यांनी मावशीच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

उद्धवराव म्हणाले, “आता तू जाऊन ये.” एवढंच. मसुदा केला नाही.

मावशीचं घर म्हणजे एक खोली आणि अंगण. अंगणात झोळ्या टांगलेल्या, लेकरांचा गलका. मी वाटेत सगळं भाषण जुळवलं होतं. कष्ट म्हणजे काय, हक्क म्हणजे काय. मावशी शेंगा फोडत होती. मला बघून तिनं पोतं पुढे सरकवलं. मी बसले.

“मावशी, घ्या ना ते काम. पैसे तुमच्या हक्काचे आहेत. त्यात कमीपणा नाही.”

“तू घरात काय काय करतीस गं?” तिनं विचारलं.

“मी? स्वयंपाक, धुणं, भांडी. सासूबाई होत्या तोवर त्यांचं सगळं.”

“मग किती मिळतेत?”

मी पुढ्यातली एक शेंग उचलून फोडली.

“तुला दिले तर घेशील? उद्धवरावाकडून, सासूला आंघोळ घातली म्हणून?”

घ्यायला पाहिजेत, असं पुस्तिका वाचलेली अंबिका म्हणत होती. बाकीच्या अंबिकेला ते पैसे हातात धरवेनात.

“बघ,” मावशी म्हणाली. “मग मला कामून बाटवायलीस? उगं बसू नको, हिला घे.” आणि तिनं पिंकी माझ्या मांडीवर टाकली. पिंकीनं माझ्याकडे संशयानं बघितलं, साडीला जरी नाही अशी खात्री केली, आणि झोपली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी पाय हलवला नाही.

उन्हं कलल्यावर बाया आल्या. त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि मला तिथं बघून त्यांचं आपसातलं बोलणंही थांबलं. सवितानं माझ्या मांडीवरून पिंकीला उचललं. मग लेकरू खांद्यावर नीट घेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या याल तर सकाळीच या. मावशीचे गुडघे धरायलेत.”

“येईन,” मी म्हटलं.

“येताना कागद घिऊन येऊ नको मातर,” मावशी म्हणाली, आणि बाया हसल्या. मीही हसले. माझ्यावर हसू देण्याइतकं तरी त्यांनी मला परत घेतलं होतं.

बाया निघायला लागल्या. सगळ्यांच्या हातात कुदळी-फावडी, मातीनं माखलेली. मावशी अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एकेक कुदळ जाताना बघत होती. पाणंदीकडे हात करून तिनं विचारलं, “आज कुठवर नेला गं रस्ता?”

“लिंबापोतर गेला, मावशी.”

मावशीनं मनाशी अंतर धरल्यासारखं केलं. “एवढ्या जणी असून लिंबापोतरच? मी असते तर आज वढा गाठला असता.”

“व्हय मावशी,” सविता म्हणाली.

“व्हय,” दुसरी म्हणाली. “तुमी असत्या तर गाठलाच असता.”

मग मावशीनं वळून माझ्याकडे बघितलं. अंगणात लेकरांचा गलका चालूच होता.

“व्हय मावशी,” मी म्हटलं.